डब्ब्यातली गाणी

जितेंद्रला कुठलीही वस्तू टाकवत नसे. बिघडलेला पंखा, बंद पडलेलं घड्याळ, एका बाजूनंच वाजणारे हेडफोन, सगळं त्यानं माळ्यावर जपून ठेवलं होतं आणि त्यातून अधूनमधून तो काहीतरी जोडून उभंही करायचा. बायको मयुरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मले एक फायदा आहे. मी म्हातारी झाली तरी हा मानूस मले भंगारात नाही देनार." जितेंद्रला हे कौतुकच वाटायचं.

गणपतीच्या दिवसांत नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्याच्या घरी हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची नजर आईच्या खोलीतल्या जुन्या कम्प्युटरवर गेली. ह्याला जरा ताकद दिली, टीव्हीला जोडला, की सिनेमे, गाणी, लग्नाचे फोटो, सगळं सोफ्यावर बसून एका रिमोटवर. लोक असली यंत्रं विकत आणतात, आपण घरच्या घरी करू. आईचा कम्प्युटर आईच्या खोलीतून जाणार होता, पण हॉल तरी कुणाचा, आईचाही आहेच की, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्याला स्वतःला समजवायला फार वेळ लागत नसे.

आईचं नाव शोभाताई. नत्थूजी, म्हणजे जितेंद्रचे वडील, गेल्यावर रिकाम्या दुपारी खायला उठायला लागल्या तेव्हा तिनं आपणहून म्हटलं होतं, "मले शिकव नं गा ते." जितेंद्रनं शिकवलं, पण कसं, तर एक डोळा क्रिकेटवर ठेवून. माउस कसा धरायचा, गाणं कसं लावायचं, लाल बटण दाबून आवाज कसा भरायचा. पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या टोपलीचं चित्र असतं, त्यावर बोट ठेवून तिनं विचारलं होतं, "हे का होय?" तो म्हणाला होता, "तो डब्बा आहे. त्याच्यात टाकलं का ते तिथंच राहते. आपन रिकामा करेपर्यंत कुठी जात नाही." आणि तेवढ्यात कुणाची तरी विकेट पडली. 'कचऱ्याचा' हा शब्द सांगायचा राहून गेला.

आता शोभाताईंसारख्या बाईला डब्बा म्हणजे काय हे कुणी सांगावं. तिच्या स्वयंपाकघरात जे मोलाचं ते डब्ब्यात. केशर डब्ब्यात, नथ तांदळाच्या डब्ब्यात, सणासाठी राखलेले बेसनाचे लाडू उंचावरच्या डब्ब्यात. बाहेर राहतं ते सांडतं, हरवतं, कुणीतरी उचलतं. डब्ब्यात गेलं ते राहतं. त्यात पोरानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं, की रिकामा केल्याशिवाय कुठं जात नाही.

एका रविवारी जितेंद्रनं हॉलमध्ये चादर अंथरून कम्प्युटर उघडला. आतली धूळ फुंकून काढली, मेमरी वाढवली, सिस्टिमसाठी नवी चपटी डिस्क बसवली. जुनी मोठी डिस्क तशीच ठेवून ती पुसायची आणि तिच्यात सिनेमे भरायचे, असा बेत होता. आई भाजी निवडता निवडता दारात येऊन उभी राहिली.

"जितू, डब्ब्यातलं काही काढू नको बरं."

जितेंद्रच्या घरी टीव्हीखालच्या केबलच्या पेटीला डब्बा म्हणत. साऱ्या नागपुरातच म्हणतात. आईला तिच्या मालिकांची काळजी पडली असणार, हे त्यानं मान वर न करताच ठरवून टाकलं.

"नाही काढत वं आई. डब्बा हाय तिथंच राहते."

"पक्कं नं?"

"हाव म्हटलं नं."

आई समाधानानं आत गेली. पुढच्या काही मिनिटांत तो जुन्या डिस्कवरचं सामान चाळू लागला. फोटो त्यानं नीट दुसरीकडे घेतले, तो काही अगदीच बेपर्वा माणूस नव्हता. मग कचऱ्याची टोपली उघडली. आत आवाजाच्या बऱ्याच फायली होत्या, 'यमु' असं नाव आणि पुढं आकडा. यमु म्हणजे यमुआत्या, नत्थूजींची बहीण, खाप्याची. हे त्याला कळलं. आईनं काहीतरी भरायचा प्रयत्न केला असेल, जमलं नसेल, टाकून दिलं असेल, हेही त्यानं परस्पर ठरवलं. एखादी उघडून ऐकावी असं क्षणभर मनात आलं, पण त्यासाठी ती आधी बाहेर काढावी लागली असती, आणि इकडे चहा निवत होता. त्यानं टोपली रिकामी केली, डिस्क पुसली आणि संध्याकाळपर्यंत काठोकाठ सिनेमे भरले.

काम मात्र झकास झालं. टीव्ही लावला की सिनेमांची चित्रं रांगेनं दिसायची, रिमोटनं सरकवली की सरकायची. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. जितेंद्र प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा आणि मयुरा प्रत्येक वेळी चहा ठेवायची.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला आईनं हॉलमध्ये भुलाबाईची मातीची मूर्ती मांडली. गल्लीतल्या बायका, पोरी गोळा झाल्या. भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायची असते: झाकलेला डब्बा हलवून दाखवायचा, आतल्या प्रसादाचा आवाज ऐकून इतरांनी नाव सांगायचं, आणि बरोबर येईपर्यंत झाकण काढायचं नाही. आई त्या दिवशी सकाळपासून गालातल्या गालात हसत होती. सगळ्या बसल्यावर ती म्हणाली, "आज माह्यी खिरापत तुमच्यानं वळखल्या जानार नाही." मग जितेंद्रकडे वळून, "जितू, डब्बा उघड."

जितेंद्र केबलच्या पेटीकडे गेला.

"तो नाही गा. कम्प्युटरातला. कोपऱ्यातला. त्याच्यात यमुताईची गानी हायेत."

ती सगळ्यांना सांगू लागली. मागच्या दिवाळीत यमुताई राहायला आल्या होत्या, तेव्हा घरचे कामाला गेले की दुपारी दार लावून दोघींनी गाणी भरली होती. यमुताईंना जेवढी भुलाबाईची गाणी यायची तेवढी खाप्यात काय, साऱ्या सावनेर तालुक्यात कुणाला येत नव्हती. कुणाला म्हणून सांगितलं नाही, ह्या दिवसासाठी राखून ठेवलं. उन्हाळ्यात यमुताईंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. "तोंडातून गेली पन डब्ब्यात हायेत," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की जितेंद्रला तिकडे पाहवेना.

काय झालं ते त्याला त्या क्षणीच पुरतं कळलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर सारी गल्ली बसली होती, कालपर्यंत जिनं त्याच्या कारागिरीची तारीफ केली ती गल्ली, आणि माणसाची अब्रू कुठं अडकेल याचा नेम नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"त्या डब्ब्यात काहीच नव्हतं आई. मी पाह्यलं होतं."

"काहीच नव्हतं?"

"रिकामा होता. तू दुसरीकडे कुठी ठेवलं असशील. नाहीतं मग..." इथंच तो थांबला असता तरी चाललं असतं. "नाहीतं मग भरायचंच राहून गेलं असेल. तुले वाटलं असेल भरलं म्हनून."

आई त्याच्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. शाळेत गणित चुकल्यावर पोर पाटीकडे पाहतं तशी. मग म्हणाली, "असेलही बाप्पा." बायकांनी आठवतील तेवढी गाणी म्हटली. एरवी आई सुरुवात करून द्यायची, त्या दिवशी ती नुसती टाळ्या वाजवत बसली.

जितेंद्रला वाटलं होतं, दोन दिवस हळहळेल आणि विसरून जाईल. विसरून जाणं हेच तर तिचं भय होतं. तिच्या आईनं शेवटच्या वर्षांत सगळं विसरत विसरत पोटच्या पोरीलाही ओळखलं नव्हतं. "माह्या मायचंही असंच सुरू झालं होतं," आई मयुराला म्हणाली. "जे झालंच नाही ते झालं म्हने. मले तं अजून दिसून राहिलं, यमुताई पलंगावर बसली, मी बटन दाबलं, मंग एकेक वढून डब्ब्यात टाकलं. सगळं दिसते. अन् झालंच नाही म्हन्ते जितू."

कपाटाच्या किल्ल्या तिनं मयुराकडे दिल्या. गॅस बंद केला की नाही हे पाहायला चार चारदा ओट्याकडे जायची. भाजीत मीठ घातलं का, असं मयुराला विचारायची, आणि घातलेलं असलं तरी तिच्या शब्दावर विश्वास ठेवायची, स्वतःच्या नाही. सक्करदरा तळ्यावर फिरायला जाणं बंद केलं, रस्ता चुकले तर काय करू म्हणून. हॉलमध्ये तो मोठा टीव्ही चालू असायचा आणि ती रिमोटला हात लावायची नाही. "मी काही दाबलं तं पुन्हा काही जाईल," म्हणायची.

खाई त्याला खवखवे. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जितेंद्र ती डिस्क घेऊन सीताबर्डीवरच्या एका जाणकाराकडे गेला. गाणी परत मिळाली की आईपुढं ठेवू आणि मग सांगू, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे खरं सांगायचं, पण हातात बक्षीस घेऊन. त्या माणसानं सगळं ऐकून विचारलं, "पुसल्यावर वरून काही भरलं काय?" जितेंद्र म्हणाला, "सिनेमे. पूर्ण भरली." तो म्हणाला, "मग नाही निघत साहेब." जितेंद्रनं डिस्क परत नेऊन बसवली.

मयुरानं धरमपेठेतल्या एका डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टर भले होते. आईला महिना विचारला, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, तिनं सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला का वाटतं विसरता म्हणून?" आईनं डब्ब्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. डॉक्टर जितेंद्रकडे वळले.

"तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना? रिकामाच होता?"

आई त्याच्या शेजारी बसली होती, पर्स मांडीवर धरून. आता सांग, असं त्याला कुणीतरी आतून म्हटलं. त्यानं मान हलवली, आणि ती हो अशी हलली.

डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली आणि महिन्यानं पुन्हा या म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आई दूध-चहाच्या आधी ती गोळी घेऊ लागली. जितेंद्र वर्तमानपत्रामागून ते पाहायचा. आपल्या आईला नसलेल्या रोगाचं औषध आपण चारतो आहोत, हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याला स्वतःची किळस यायची, आणि तरी तो मूग गिळून बसायचा, कारण आता गुन्हा नुसता गाणी पुसल्याचा उरला नव्हता. रोज उशीर वाढत होता आणि रोज सांगणं अधिक अवघड होत होतं.

अशात खाप्याहून प्रेमिलाचा, यमुआत्याच्या सुनेचा, फोन आला. आत्या आता बोलायला लागल्या म्हणाली. आईनं फोन ठेवला आणि जितेंद्रपुढं येऊन उभी राहिली.

"मले खाप्याले घेऊन चाल. तिले विचारते. तिनंच गायलं, तिले तं माहीत राहीन. ती नाही म्हने तं मंग मी येडीच झाली असं समजीन."

रविवारी दोघं निघाले. जितेंद्र गाडी चालवताना मनात दुकान मांडून बसला होता. आत्या म्हणेल, गायले होते. मग आपण म्हणू, अरे, म्हणजे व्हायरसनं खाल्लं असणार. आईची शंका फिटेल, गोळ्या बंद होतील, आणि आपलंही झाकलेलं राहील. कन्हान नदीचं पाणी दिसायला लागलं तोवर त्यानं ते वाक्य तीन-चार तऱ्हांनी म्हणून पाहिलं होतं. एवढी हुशारी त्यानं ती टोपली रिकामी करताना दाखवली असती तर हा प्रवासच करावा लागला नसता.

यमुआत्या ओसरीवर खाटेला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड जरा एका बाजूला. वहिनीला पाहून त्यांचे डोळे भरले. आईनं त्यांचा हात हातात घेतला, इकडचं तिकडचं विचारलं. आत्या प्रत्येक वेळी "हाव" म्हणत होत्या, हसून, आणि आईला केवढा धीर आला होता. प्रेमिला चहा आणायला आत गेली.

"यमुताई, तुम्ही दिवाळीले आमच्या घरी आल्या होत्या नं?"

"हाव."

"अन् आपन दोघींनं दार लावून गानी भरली होती. तुम्ही म्हनत होत्या अन् मी बटन दाबत होती. आठोते?"

"हाव," आत्या म्हणाल्या.

आईनं जितेंद्रकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत जीव आला होता. जितेंद्रनं व्हायरससाठी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रेमिला कपबश्या घेऊन दारात आली आणि हळूच म्हणाली, "मामी, त्या सगळ्याले हाव म्हन्तात. तेवढाच एक शब्द आला वापस. डाक्टर म्हन्ले, दुसरा येईल तवा येईल."

आई पुन्हा आत्याकडे वळली आणि अगदी हलक्या आवाजात, उत्तर काय येणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखं तिनं विचारलं, "यमुताई, आपन गानी भरलीच नव्हती नं?"

"हाव," आत्या म्हणाल्या, तशाच हसून.

आईनं त्यांचा हात सोडला नाही. पण तिची मान खाली गेली, आणि ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मंग झालं." तिच्या लेखी जगात एकच साक्षीदार होता आणि त्याच्याकडे एकच शब्द होता. दुसरा साक्षीदार तिच्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसला होता, धडधाकट, सगळे शब्द येत असलेला. जितेंद्रला ते असह्य झालं.

"आई, भरली होती."

तिनं मान वर केली.

"भरली होती तुम्ही. डब्ब्यातच होती. मी पाह्यली, नावं पन पाह्यली. यमु म्हनून लिहिलं होतं. मले वाटलं तू टाकून देल्ली. मी रिकामा केला डब्बा."

"म्हंजे मी ठेवली होती?"

"हाव."

"एकेक वढून?"

"हाव आई."

आईच्या तोंडावर आधी हसू आलं. रागाच्या आधी, दुःखाच्या आधी, ते हसू आलं, आणि ते जितेंद्रला फार लागलं. ती आत्याचा हात हलवून म्हणाली, "पाहा यमुताई, मी येडी नाही झाली. मले बरोबर आठोत होतं." आत्या हाव म्हणाल्या. प्रेमिला कपबश्या घेऊन तशीच उभी होती. मग हसू ओसरलं, आणि आईनं विचारलं, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून. पौर्निमेपासून."

"डाक्टरापाशी?"

"तवा पन."

"मी गोयी घेत होती तवा तू तिथंच बसून राहत होता."

आई ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं त्या आनंदानं घेतल्या असत्या. ती म्हणाली, "गानी गेली त्याचं मले वाईट वाटते. चुकीनं गेली, मी समजू शकते. पन तू मले माह्याच डोक्याले भ्यायले लावलं जितू. रोज सकाळी उठून मी पाहत होती, आज का विसरली. माय आठवून आठवून रडली मी. अन् तू पेपर वाचून राहिला होता."

जितेंद्र मोड्यावरून उठला आणि आत्याच्या पायांशी बसला. गाणी त्यांची होती. त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, चुकलं माह्यं. मले माफ करशीन का?"

"हाव," आत्या म्हणाल्या, आणि डाव्या हातानं त्याचे केस कुरवाळू लागल्या.

"तिले काहून विचारतं?" आई म्हणाली. "ती तं हावच म्हनते. मले विचार."

त्यानं मान उचलली. विचारायला फार वेळ लागला. प्रेमिला तोवर कपबश्या खाली ठेवून आत निघून गेली होती.

"आई, मले माफ करशीन?"

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आज तं नाहीच."

मग ती खाटेवर सरकून बसली, आणि यमुआत्याला चहा बशीत ओतून पाजू लागली.